सात सह्या आणि एक शपथ: गॉटिंगेन, १८३७

१८ नोव्हेंबर १८३७ रोजी, जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या राज्यात, गॉटिंगेन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या हॅनोव्हरच्या सरकारी कचेरीला एक पत्र लिहिलं. पत्रात बंडाची भाषा नव्हती, राजाची निंदा नव्हती, लोकांना चिथावणीही नव्हती. म्हणणं एवढंच होतं की, १८३३च्या राज्यघटनेशी इमान राखण्याची शपथ आम्ही घेतली आहे, नव्या राजाने एक जाहीरनामा काढून ती घटना मोडीत काढली म्हणून ती शपथ सुटत नाही. महिनाभरात सातही जणांची नोकरी गेली. त्यातल्या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडायचा हुकूम झाला.

फ्रीडरिख ख्रिस्टोफ दालमान राज्यशास्त्र आणि इतिहास शिकवत. विल्हेल्म आल्ब्रेख्त कायद्याचे, गेओर्ग गेर्व्हिनुस इतिहासाचे, हाइनरिख एवाल्ड पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक. विल्हेल्म वेबर म्हणजे ज्यांच्या नावाचं एकक आपण बारावीच्या भौतिकशास्त्रात चुंबकीय फ्लक्ससाठी वापरतो ते. आणि उरलेले दोघे याकोब आणि विल्हेल्म ग्रिम, परीकथावाले ग्रिम बंधू.

ही कथा सहसा ‘विद्यापीठाने राजाला ठणकावलं’ अशी सांगितली जाते. ठणकावलं सात माणसांनी. विद्यापीठ नावाची जी संस्था होती, तिने त्या चार आठवड्यांत काय केलं हे बघायला गेलं, की या प्रकरणातला मानाचा भाग थोडा कमी होतो आणि समजून घेण्यासारखा भाग बराच वाढतो.

नळाची चावी हॅनोव्हरात

गॉटिंगेनचं विद्यापीठ जुन्या जर्मन विद्यापीठांच्या मानाने उशिरा जन्मलं. हायडेलबर्ग आणि लाइपझिग तेव्हा तीन-तीन शतकांची झाली होती. हॅनोव्हरचा सत्ताधीश म्हणजेच ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज. त्याच्या नावाने ही संस्था उभी राहिली, म्हणून तिचं लॅटिन नाव गेओर्गिया आउगुस्टा. १७३४ला शिकवणं सुरू झालं, रीतसर उद्घाटन १७३७ला. पण खरी करणी राजाची नव्हे, गेर्लाख आडोल्फ फॉन म्युन्शहाउझेन या मंत्र्याची. शेजारच्या प्रशियाकडे हालंचं नावाजलेलं विद्यापीठ होतं, हॅनोव्हरकडे काहीच नव्हतं. सरदारांची पोरं शिकायला बाहेर जात आणि पैसा बाहेर खर्च होई. म्युन्शहाउझेनला हे उलटवायचं होतं. हेतू व्यवहारी होता, आणि मला वाटतं त्यामुळेच त्याने घेतलेले निर्णय इतके नेमके होते.

पहिला निर्णय धर्मशास्त्राच्या विद्याशाखेबद्दल. बाकीच्या शाखांत काय शिकवलं जातं, काय छापलं जातं, यावर देखरेख करण्याचा जो अधिकार इतरत्र या शाखेला असे, तो इथे दिला नाही. दुसरा निर्णय ग्रंथालयाचा. पुस्तकं कुलुपात शोभेला ठेवायची नाहीत, वाचायला आणि घरी न्यायला द्यायची, विद्यार्थ्यांनासुद्धा. १७३९पासून नव्या पुस्तकांची परीक्षणं छापणारं नियतकालिक निघालं, १७५१ला विज्ञान अकादमी आली, तिचा पहिला अध्यक्ष आल्ब्रेख्त फॉन हालर. शिकवणारे स्वतः संशोधन करतील आणि संशोधन करणारेच शिकवतील, ही गोष्ट बर्लिनच्या विद्यापीठाच्या नावावर जमा असली, तरी तिची बरीचशी तयारी गॉटिंगेनमध्ये आधीच होऊन गेली होती.

(मोकळेपणाला अर्थात काळाची कुंपणं होती. १७८७ला, विद्यापीठाच्या पन्नाशीच्या वर्षी, सतरा वर्षांच्या डोरोथेया श्लोत्सर हिने इथून डॉक्टरेट मिळवली. वडील तिथेच इतिहासाचे प्राध्यापक. परीक्षा रीतसर झाली, पदवी मिळाली, पण अविवाहित मुलीने समारंभाला हजर राहणं शोभत नाही म्हणून तिने तो शेजारच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून बघितला.)

या प्रकरणापुरता कळीचा निर्णय मात्र नेमणुकांचा होता. जुन्या विद्यापीठांत प्राध्यापक मंडळी आपली मुलं, जावई, पुतणे खुर्च्यांवर बसवत. म्युन्शहाउझेनने ती वाटच बंद केली. कोणाला बोलवायचं हे हॅनोव्हरचं सरकार ठरवणार. त्याने देशोदेशीच्या विद्वानांची माहिती काढली, पगार वाढवून दिले, मोठमोठी माणसं ओढून आणली. विद्यापीठाचा लौकिक याच पद्धतीने झाला. पण नळाची चावी हॅनोव्हरात होती, आणि सोडणारा हात बंदही करू शकत होता. शंभर वर्षं कोणाला हे जाणवायचं कारण पडलं नाही, कारण चावी हाती असलेले लोक शहाणे होते.

महाराष्ट्रातल्या संस्कृतच्या अभ्यासकांना हे विद्यापीठ अगदीच परकं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६पासून संस्कृत शिकवणारे फ्रान्त्स कीलहॉर्न मूळचे गॉटिंगेनचेच विद्यार्थी. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी केलेली आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत निघाली. १८८२ला ते गॉटिंगेनला प्राध्यापक म्हणून परतले आणि १९०८ला वारले तोवर तिथेच होते. १८८५ला याच विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. डॉ. भांडारकर यातला ‘डॉ.’ तिथला.

राजा, घटना आणि कर्ज

आता १८३७. त्याआधी सहा वर्षं, जानेवारी १८३१मध्ये, गॉटिंगेनमध्ये एक छोटा उठाव झाला होता. काही तरुण अध्यापकांच्या पुढाकाराने गावकरी आणि विद्यार्थ्यांनी नगरभवन ताब्यात घेतलं. आठवडाभरात सैन्य आलं आणि ते मिटलं. पण या धक्क्यामुळेच हॅनोव्हरला १८३३ची राज्यघटना मिळाली. ब्रिटन आणि हॅनोव्हर दोन्हींचा राजा असलेल्या चौथ्या विल्यमने तिच्यावर सही केली. मसुद्याच्या कामात दालमानचा हात होता. हा माणूस क्रांतिकारक मुळीच नव्हता. १८३१चा उठाव त्याला साफ नापसंत होता. राजाही राहावा, विधिमंडळही राहावं, दोघांनी कायद्यात राहावं, अशा मवाळ विचारांचा.

जून १८३७मध्ये विल्यम वारला. लंडनमध्ये गादीवर व्हिक्टोरिया आली. हॅनोव्हरमध्ये मात्र पुरुष वारस असताना बाईला गादी मिळत नसे, म्हणून तिथे तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट आला, आणि सव्वाशे वर्षं एका डोक्यावर असलेले दोन मुकुट वेगळे झाले. एर्न्स्ट आउगुस्टला घटना नकोच होती. त्याची बाजू अगदीच पोकळ होती असं मात्र म्हणता येत नाही. त्याचं म्हणणं, मी गादीचा वारस असताना माझी संमती न घेता घटना केली गेली, ती मला बांधील कशी? पण या कायदेशीर मुद्द्यामागे पैसाही होता. नव्या घटनेने राजाच्या खासगी जमिनींचं उत्पन्न राज्याच्या तिजोरीत घातलं होतं, आणि नवा राजा कर्जात बुडालेला होता.

५ जुलैलाच त्याने घटना आपल्यावर बंधनकारक नसल्याचं सूचित केलं. सप्टेंबरात विद्यापीठाची शताब्दी थाटात झाली. राजा आला, अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आले, इथलेच गणिती गाउस यांनी चुंबकत्वावर व्याख्यान दिलं. सगळं गोडीगुलाबीत पार पडलं. १ नोव्हेंबरला घटना रद्द झाली आणि सगळ्या सरकारी नोकरांना त्यांच्या शपथेतून ‘मुक्त’ करण्यात आलं. प्राध्यापक हे सरकारी नोकरच.

पत्रात काय होतं

मसुदा दालमानचा. त्यातला युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण तो राजकारणाच्या मुद्द्यावर फारसा अडत नाही. प्राध्यापकाच्या शिकवण्याला किंमत कशामुळे येते, या प्रश्नावर तो येऊन थांबतो. त्यांचं म्हणणं असं: आमच्या कामाचं यश आमच्या शास्त्रीय ज्ञानावर जितकं अवलंबून आहे तितकंच आमच्या वैयक्तिक सचोटीवर. आपल्या शपथेशी खेळ करणारी माणसं म्हणून आम्ही विद्यार्थ्यांपुढे उभे राहिलो, की त्याच क्षणी आमच्या शिकवण्यातला जीव जाईल. आणि राजाला तरी अशा माणसांनी घेतलेल्या नव्या शपथेचा काय उपयोग?

हा शेवटचा टोला जबर होता. राजा ज्या नव्या निष्ठेची मागणी करत होता, तिची किंमत जुनी निष्ठा इतक्या सहज विकत मिळाली तर शून्य होणार, हे त्याला सभ्य शब्दांत सांगितलं होतं.

हे पत्र कचेरीच्या फायलीत राहिलं असतं तर कदाचित समज देऊन प्रकरण मिटलंही असतं. पण त्याच्या नकला फुटल्या. विद्यार्थी रात्र रात्र बसून हाताने प्रती करू लागले, आणि थोड्याच दिवसांत मजकूर परदेशी वर्तमानपत्रांत झळकला. राजा भडकला तो मुख्यतः यामुळे. विद्यापीठाच्या न्यायालयापुढे चौकशी झाली, तिचा रोखही पत्र लिहिलं का यापेक्षा बाहेर कोणी दिलं यावर होता. दालमान, याकोब ग्रिम आणि गेर्व्हिनुस यांनी मजकूर दुसऱ्यांना दिल्याचं कबूल केलं. हद्दपारी या तिघांचीच झाली, बाकी चौघांची नुसती बडतर्फी.

बाकीचे काय करत होते

नोव्हेंबरच्या अखेरीस विद्यापीठाचं एक शिष्टमंडळ राजाच्या भेटीला रोटेनकिर्खेनच्या शिकारीच्या वाड्यावर गेलं. गेले ते निष्ठा सांगायला. नंतर वर्तमानपत्रात आलेल्या वृत्तांताप्रमाणे, सातांच्या कृत्याशी विद्यापीठाचा संबंध नाही असा सूर तिथे लागला. ते वाचून कार्ल ओटफ्रीड म्युलर आणि आणखी पाच प्राध्यापक पुढे आले आणि त्यांनी जाहीर केलं की, पत्रातल्या मजकुराला आम्ही कधीही नावं ठेवलेली नाहीत. म्हणजे सही करायला नाही, पण सही करणाऱ्यांना दोष द्यायलाही नाही. मला हे सहाजण सातांइतकेच लक्षात राहतात. सर्वसाधारण चांगला माणूस अशा वेळी जिथवर पोचतो, ती जागा त्यांची.

आणि गाउस. साठ वर्षांचा, युरोपातला पहिल्या नंबरचा गणिती, विद्यापीठाचं भूषण. सातांपैकी दोघे त्याच्या अगदी जवळचे. एवाल्ड त्याचा जावई. वेबर त्याचा सहकारी. दोघांनी १८३३मध्ये वेधशाळेपासून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत, गावातल्या घरांच्या छपरांवरून आणि चर्चच्या मनोऱ्यावरून सुमारे एक किलोमीटर तारा नेऊन विद्युत तारयंत्र चालवलं होतं. गाउसने सही केली नाही, जाहीरपणे बोललाही नाही. वेबरला परत घेतलं जावं म्हणून आतून खटपट मात्र केली. त्याच्या घरी नव्वदी ओलांडलेली, डोळे गेलेली आई होती. तो स्वभावानेही राजकारणापासून दूर राहणारा, आणि एकट्या गाउसच्या सहीने राजा नरमला असता का, हे कोण सांगणार. त्याला भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याने दिलेली किंमत दिसते. एवाल्डला ट्युबिंगेनला जावं लागलं, त्याच्याबरोबर गाउसची मुलगी मिना गेली आणि १८४०ला तिकडेच वारली. वेबर पगाराविना काही वर्षं गॉटिंगेनमध्येच राहिला, १८४३ला लाइपझिगला गेला, आणि तारयंत्र व चुंबकत्वावरचं जोडीचं काम थंडावलं.

हद्दीवरची म्हातारी

हद्दपार झालेले तिघे निघाले १७ डिसेंबरच्या सुमारास, शेजारच्या हेसेन राज्याच्या हद्दीकडे. गावातल्या भाड्याच्या घोडागाड्या विद्यार्थ्यांना द्यायच्या नाहीत असा हुकूम होता. मग शेकडो विद्यार्थी ऐन हिवाळ्यात पायीच निघाले आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या वेरा नदीकाठच्या वित्सेनहाउझेनला पोचले. तिथे पुलावर निरोप झाला.

हद्द ओलांडताना एक म्हातारी आपल्या नातवाला म्हणाली, “या गृहस्थांना हात दे, ते परागंदा आहेत.” हे याकोब ग्रिमनेच लिहून ठेवलं आहे. मौज अशी की, याकोब मूळचा हेसेनचाच. तो खरं तर आपल्या मुलखात परत येत होता. बडतर्फीबद्दल त्याने छोटी पुस्तिका लिहिली, ती जर्मन राज्यांत छापणं अवघड म्हणून स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला निघाली. तिच्या माथ्यावर जुन्या जर्मन महाकाव्यातली एक ओळ घातली होती: शपथा गेल्या कुठे? उदारमतवादी पुढाऱ्याने असं वाक्य निवडलं नसतं. याकोब जुन्या कायद्यांचा, जुन्या रीतींचा माणूस. त्याच्या लेखी शब्द मोडणं हा राजकीय मतभेद नव्हता, पाप होतं.

लाइपझिगमध्ये एक समिती निघाली. तिने वर्गणी जमवून सातांच्या पगाराची सोय केली. आल्ब्रेख्त मूळचा प्रशियातल्या एल्बिंगचा. तिथल्या नागरिकांनी त्याच्या अभिनंदनाचं पत्र काढलं, तर प्रशियाचा गृहमंत्री रोखोव्ह याने उत्तर पाठवलं, त्याचा मथितार्थ असा की, राजाच्या कृतींना आपल्या तोकड्या अकलेचं माप लावणं प्रजेला शोभत नाही. ‘प्रजेची तोकडी अक्कल’ हा शब्दप्रयोग जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या टवाळीसाठी वापरला गेला. सरकारी पत्रव्यवहारातून इतकं चिवट विनोदी साहित्य क्वचितच निघतं.

प्राध्यापक, वेश्या आणि नर्तकी पैसे टाकले की कुठेही मिळतात, असं एर्न्स्ट आउगुस्ट म्हणाल्याचं सांगतात. म्हणाला असेल तर हिशोब चुकला. रिकाम्या खुर्च्या भरायला नावाजलेली माणसं सहजी तयार होईनात, विद्यार्थी घटले, आणि गॉटिंगेन बराच काळ मागे पडलं. ग्रिम बंधूंना १८४०मध्ये प्रशियाच्या नव्या राजाने बर्लिनला बोलावून घेतलं. नोकरी गेलेल्या काळातच त्यांनी जर्मन भाषेच्या महाकोशाचं काम अंगावर घेतलं. त्याचा पहिला खंड १८५४ला निघाला आणि शेवट विसाव्या शतकात, त्यांच्यामागे शंभर वर्षांनी लागला. १८४८च्या फ्रांकफुर्ट संसदेत, म्हणजे पहिल्या अखिल जर्मन संसदेत, सातांपैकी चौघे होते: दालमान, आल्ब्रेख्त, गेर्व्हिनुस आणि याकोब ग्रिम.

वारसा कोणाचा

आज गॉटिंगेनच्या मुख्य आवाराचं नावच ‘गॉटिंगेनच्या सातांचा चौक’. ग्रंथालयाचा पत्ता तोच. स्टेशनसमोर २०१५ला एक दगडी चौथरा बसवला. हॅनोव्हरच्या स्टेशनसमोर एर्न्स्ट आउगुस्टचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याच्याच चौथऱ्याची ही नक्कल, फक्त वर ना राजा ना घोडा. खाली सातांची नावं आणि त्यांच्या जोडीला शिल्पकर्ती ख्रिस्टिआने म्योबुस हिचं स्वतःचंही नाव. त्यावरून गावात बरेच वाद झाले.

संस्थेच्या अंगात सातांचं रक्त आपोआप उतरतं असं मानणाऱ्याने १९३३चा एप्रिल बघावा. तेव्हा गॉटिंगेन पुन्हा जगाच्या माथ्यावर होतं, गणितात आणि भौतिकशास्त्रात. नोबेल मिळालेला जेम्स फ्रांक ज्यू होता. पहिल्या महायुद्धात लढलेला असल्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणाऱ्या नाझींच्या नव्या कायद्यातून त्याला सूट मिळत होती. ती नाकारून १७ एप्रिलला त्याने जाहीर राजीनामा दिला. आठवड्याभरात गॉटिंगेनच्या ४२ अध्यापकांनी निवेदन काढलं, फ्रांकच्या निषेधार्थ. त्याचा राजीनामा म्हणजे देशाशी घातपात आहे असं त्यांचं म्हणणं. माक्स बोर्न, रिखार्ड कूरांट, एमी न्योथर यांना त्याच सुमारास कामावरून दूर करण्यात आलं. १८३७ला सही न करणारे बरेचसे गप्प तरी बसले होते. इथे सह्या झाल्या त्याच उलट बाजूने. पुढे १९५७मध्ये अठरा शास्त्रज्ञांनी पश्चिम जर्मनीच्या अण्वस्त्रांना विरोध करणारं पत्रक काढलं, त्यात बोर्न, ओटो हान, हायझेनबर्ग होते, आणि त्यांना ‘गॉटिंगेनचे अठरा’ म्हटलं गेलं ते सातांना स्मरूनच. तिथेही सह्या व्यक्तींच्याच.

सातांवर एक आक्षेप जुना आहे. शपथ हे निमित्त होतं, खरी गोष्ट उदारमतवादी राजकारण होती, दालमानने आपली घटना वाचवायला ती पुढे केली. दालमानपुरतं यात थोडं तथ्य असेल. पण एवाल्डकडे बघितलं की हा आक्षेप टिकत नाही. तो १८४८ला ट्युबिंगेनहून गॉटिंगेनला परत आला. १८६६ला प्रशियाने हॅनोव्हर गिळंकृत केलं, राजा पाचव्या जॉर्जला गादीवरून हाकललं. हा जॉर्ज म्हणजे एवाल्डची नोकरी घेणाऱ्या एर्न्स्ट आउगुस्टचा मुलगा. प्राध्यापकांकडून प्रशियाच्या राजाशी निष्ठेची शपथ मागण्यात आली. एवाल्ड म्हणाला, माझी शपथ हॅनोव्हरच्या राजाशी आहे. बापाने घटनेची शपथ मोडायला लावली तेव्हा तो अडला होता, आता मुलाशी घेतलेली शपथ मोडायला लावली तेव्हाही अडला. १८६७ला त्याला विद्याशाखेतून काढलं, पुढच्या वर्षी शिकवण्याचा हक्कही गेला. मग तो हॅनोव्हरकडून राइशस्टागमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून गेला आणि प्रशियावर तुटून पडत राहिला. १८७४ला, सत्तरीत, बिस्मार्कच्या बदनामीबद्दल त्याला तीन आठवड्यांच्या कैदेची शिक्षा झाली. बिस्मार्कही गॉटिंगेनचाच विद्यार्थी. १८३२-३३मध्ये दंगामस्तीपायी विद्यापीठाच्या कोठडीची हवा त्यानेही खाल्ली होती.